कॅनॉलकाठचं गाव आणि गाडीत शिरलेलं पाणी

पुण्याहून बारामतीला जायचं म्हटलं की बहुतेक मंडळी सोलापूर रस्ता धरतात आणि पाटसवरून आत वळतात. वेळ कमी लागतो हे खरं. पण मैत्रिणींनो, एकदा तरी सासवडच्या बाजूनं या. दिवेघाट चढून वर आलं की वारा बदलतो. जेजुरीचा गड लांबूनच दिसायला लागतो. वाल्हे मागं पडतं आणि नीरा गावात डाव्या हाताला बारामतीचा रस्ता फुटतो. तिथून पुढं दोन्ही बाजूंना ऊस लागतो. निंबुत, करंजेपूल, सोमेश्वरनगरचा साखर कारखाना अशी ठिकाणं घेत घेत तुम्ही आमच्या पट्ट्यात येता. कोऱ्हाळे बुद्रुक हे माझं सासर.

‘बुद्रुक’ म्हणजे काय, असं मला पुण्याच्या मैत्रिणी नेहमी विचारतात. मूळ फारसी शब्द ‘बुजुर्ग’, म्हणजे थोरलं. ‘खुर्द’ म्हणजे धाकटं. एकाच नावाची दोन गावं जवळजवळ असली की थोरलं बुद्रुक आणि धाकटं खुर्द. घरात जशी थोरली आणि धाकटी जाऊ, तसंच हे!

गावाला येणार असाल तर श्रावणात या. करंजे इथल्या सोमेश्वराला तेव्हा गर्दी असते. मोरगावचा मयूरेश्वरही याच तालुक्यात. आषाढीच्या आधी आलात तर सासवडहून निघणारी सोपानकाकांची पालखी या भागातून बारामतीकडे जाताना भेटेल. थंडीत आलात तर ऊसतोड चालू असते, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उसानं वाकलेल्या असतात आणि कारखान्याच्या मळीचा वास गावभर असतो. पहिल्यांदा येणाऱ्याला तो नकोसा होतो. आम्हाला मात्र हंगाम सुरू झाल्याची ती खूण.

एवढा ऊस पाहून तुम्हाला वाटेल, इथं पाऊस भरपूर असणार. तसं मुळीच नाही. बारामती तालुका पर्जन्यछायेतला. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात, आमच्यापर्यंत येईतो त्यांच्यात फारसं काही उरत नाही. मग हे हिरवेपण कुठलं? ते कॅनॉलचं. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारनं वीरजवळ नीरा नदी अडवून डावा कालवा काढला. १८८५ मध्ये तो सुरू झाला. पाणी साठवायला भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण बांधलं. आज दिसतं ते तिथलं मोठं धरण १९२८ मध्ये पुरं झालं. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असताना त्यांनी याच नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत आणली. पाणी एकाच शिवारात मुरून न जाता जास्त गावांना मिळावं, हा तिचा हेतू.

त्यामुळं आमच्याकडच्या माणसांना पाण्याचं गणित जन्मापासून येतं. पाळी कधी, चारीला पाणी कधी, दारं धरायला रात्री कोण जाणार, याच गप्पा जेवताना असतात. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात, एकेका सरीत वळवणं. माझे सासरे, म्हणजे आबा, यांनी उभा जन्म हेच केलं. या गोष्टीचा आपल्या आजच्या विषयाशी संबंध आहे, म्हणून सांगते.

२०२५ सालचा मे महिना तुम्हाला आठवत असेल. पाऊस फार लवकर आला. मे संपायच्या आधीच, पंचवीस तारखेला, बारामती-इंदापूरकडे असा कोसळला की नीरा डावा कालवाच पिंपळी-लिमटेकच्या बाजूला फुटला. ते ठिकाण आमच्या खालच्या अंगाला, पण आमच्याकडेही ओढे-नाले तुडुंब होते. शाळेला सुटी असल्यानं मी मुलांना घेऊन गावीच होते. सोमवारी सकाळी दिरांनी गाडीचं दार उघडलं आणि पुढच्या डाव्या बाजूला, पाय ठेवतो तिथं, पाणी साचलेलं! वर कुबट वास.

आता तुम्ही म्हणाल, गाडीत थोडं पाणी शिरलं तर एवढं काय? तर आमच्या घरी ती गाडी हौसेची नाही. आबांना मंगळवारी आणि शुक्रवारी बारामतीला डायलिसिसला न्यावं लागतं. ते चुकवून चालत नाही. येताना त्यांना थंडी वाजते, पाय गार पडतात, आणि बसतात ते त्याच डाव्या सीटवर. त्यात धाकट्या लेकीला बुरशीच्या वासानं धाप लागते. दिरांनी बारामतीच्या एका गॅरेजला फोन केला. “पुढच्या काचेचं रबर गेलं असणार. गाडी आणून सोडा, आठ दिवस लागतील,” असं उत्तर आलं. आठ दिवसांत डायलिसिसच्या दोन खेपा तर नक्कीच येतात.

मंगळवारी शेजाऱ्यांनी त्यांची गाडी दिली. पण शुक्रवारी आपलीच हवी, असं ठरवून सोमवारीच मी आणि माझी धाकटी जाऊ कामाला लागलो. दिरांची ड्यूटी बारामतीच्या एमआयडीसीत, ते थांबू शकत नव्हते. आबांनी खाट पडवीत ओढून घेतली. मी कार्पेट उचलून खालचं ओलं पुसत होते, तसे ते म्हणाले, “अगं पोरी, वाफ्यात पानी दिसतंय म्हून वाफाच उकरत बसायचं नसतं. बांधानं वर वर चालत जायचं. बीळ वरच असतंय.”

मैत्रिणींनो, या कामातली निम्मी अक्कल या वाक्यात आहे. गाडीत पाणी जिथं साचतं, तिथून ते शिरलेलं असेलच असं नाही. ते पत्र्याच्या आतून, वायरींच्या कडेनं वाहत येतं आणि सर्वांत सखल जागी थांबतं. तेव्हा आधी वर बघायचं.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी कसलं आहे ते ओळखा. ते तीन प्रकारचं असू शकतं. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना? तसाच एसीच्या आतल्या थंड भागाला येतो, आणि ते पाणी एका नळीनं गाडीखाली टपकतं. नळी तुंबली तर तेच आत, बहुधा पुढं डाव्या बाजूला येतं. पाऊस नसताना, एसी लावून गाडी चालवल्यावर ओल आली आणि पाण्याला रंग-वास नसला, तर हे कारण धरा. उकाड्याच्या दमट दिवसांत एसी बराच वेळ चालूनही गाडीखाली थेंब पडत नसतील, तरी नळी तुंबली असं समजा.

दुसरं इंजिन थंड ठेवणारं पाणी, ज्याला कूलंट म्हणतात. ते हिरवट, गुलाबी किंवा तांबडं असतं, बोटाला बुळबुळीत लागतं, वास गोडसर येतो आणि काचांवर आतून तेलकट धुकं धरतं. असं असेल तर घरी काही करू नका. ते विषारी असतं, मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना दूर ठेवा आणि गाडी मेकॅनिककडे न्या.

तिसरं पावसाचं पाणी. त्यात माती, पाल्याचे तुकडे सापडतात. आमच्या पाण्यात कडुलिंबाच्या काड्या होत्या. पाऊस आतच आला होता, यात शंका उरली नाही.

आता ते ‘काचेचं रबर’. जुन्या गाड्यांत पुढची काच खरोखरच जाड रबरी पट्टीत बसवलेली असे. आपल्यापैकी कितीजणींच्या माहेरी प्रीमियर पद्मिनी होती! ती काढणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद, आणि त्यांच्याच नावाचं वालचंदनगर इथं शेजारच्या इंदापूर तालुक्यात आहे. ऊस आणि मोटारगाडी यांचं नातं आमच्या भागाला असं जुनं आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेल्या. त्या गाड्यांचं रबर कडक होऊन पाणी आत यायचं, म्हणून पाणी आलं की ‘रबर गेलं’ म्हणायची सवय अजून आहे. अलीकडच्या गाड्यांत पुढची काच एका खास चिकट द्रव्यानं पत्र्याला चिकटवलेली असते. काच पूर्वी कधी बदलली असेल किंवा पत्रा गंजला असेल, तर तिथं शंका घ्यावी. आमची काच मूळचीच होती, म्हणून आम्ही दुसरीकडे शोधायचं ठरवलं.

शोधण्याची रीत अशी. पायपुसणी बाहेर काढा. कार्पेटच्या कडा उचलून आतला पत्रा जुन्या फडक्यानं कोरडा करा. मग त्यावर शाळेतल्या खडूनं आडव्या रेघा ओढा. पाणी जिथून वाहील, तिथली रेघ पुसट होते आणि त्याची वाट कळते. जिथं हात जात नाही, तिथं वर्तमानपत्राचे कागद सरकवा, भिजले की लगेच दिसतं. मागच्या सीटखाली आणि डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातही कागद ठेवा.

आता एकीनं टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसरीनं बाहेरून पाइपानं पाणी सोडायचं. झाडांना घालतो तसं संथ, जोर नको. आणि हे महत्त्वाचं, सुरुवात खालून करा. आधी चाकाच्या वरची पोकळी, मग दाराचा खालचा भाग, मग दाराची काच, मग पुढच्या काचेचा पायथा, मग काचेच्या कडा आणि शेवटी टप. प्रत्येक ठिकाणी चार-पाच मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळेल आणि कुठलं आत आलं ते समजणार नाही.

माझी जाऊ आत बसली, मी बाहेर. चाक झालं, दार झालं, काही नाही. वायपरच्या खाली काळी प्लॅस्टिकची जाळी असते ना, तिच्यावर पाणी सोडलं आणि दोन मिनिटांत आतून आवाज आला, “ताई, आलं! खणाच्या मागनं ठिबकतंय!”

वायपरवरून एक आठवलं. मोटारीच्या काचेचा वायपर ही एका बाईची कल्पना. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन यांनी १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यांना त्यातून पैसा मिळाला नाही, पण आज वायपर नाही अशी मोटार दिसत नाही. तेव्हा गाडी ही पुरुषांची वस्तू, असं कुणी म्हणालं तर हे सांगायला विसरू नका.

असो. काचेवरचं पाणी त्या जाळीतून एका पन्हळीत पडतं आणि पन्हळीच्या दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकामागं खाली जातं. पुष्कळ गाड्यांत एसीचा पंखा बाहेरची हवा घेतो तो याच पन्हळीतून. भोकं तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी हवेच्या वाटेनं आत उतरतं. आमची गाडी कडुलिंबाखाली उभी असते. उन्हाळ्यात त्याचा पाला आणि मोहोर पडतो, त्यावर धुरळा बसतो आणि पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो.

बॉनेट उघडून आम्ही हातानं तो गाळ काढला. अर्धी बादली भरली! कोपऱ्यातला गाळ जुन्या टूथब्रशनं सोडवला. भोकांत मऊ प्लॅस्टिकची नळी हलक्या हातानं फिरवली. लोखंडी तार घालू नका बरं. भोकाच्या तोंडाशी कधी कधी रबरी चोच असते, ती फाटते. मग तांब्यानं पाणी ओतून पाहिलं. चाकामागं सरळ धार पडली. पुन्हा दहा मिनिटं पाइप सोडला, आतली खडूची रेघ तशीच राहिली. आबा खाटेवरून म्हणाले, “बीळ बुजलं.”

तुमच्या गाडीचं बीळ दुसरीकडे असू शकेल. दाराच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात, ती चिखलानं बुजली तर दार हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज येतो. दाराच्या रबरी बीडिंगची परीक्षा सोपी आहे. कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावा आणि ओढून पाहा. एका जागी ती सहज निसटली, तर तिथं रबर दबलेलं आहे. टपाला उघडणारी काच असेल, तर तिच्या कोपऱ्यांतल्या नळ्या तपासा. डिकीत पाणी येत असेल, तर मागच्या दिव्यांच्या भोवतालची पट्टी पाहा. आणि हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन दिसेल तिथं थापू नका. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यानं पत्रा गंजतो. काच गळत असेल, तर ती जाणकाराकडूनच बसवून घ्या.

गळती थांबली की निम्मंच काम झालं. कार्पेटच्या खाली जाड फोम असतो. तो जुन्या गोधडीसारखा पाणी धरून ठेवतो. वरून हात लावला तर कोरडं, खाली पाणी. तेच पुढं कुजतं आणि पत्रा गंजतो. आम्ही आधी जुने टॉवेल दाबून दाबून पाणी टिपलं. मग कार्पेटची कड लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवली, गाडी शेडमध्ये घेतली, दारं उघडी ठेवली आणि टेबलफॅन लावला. मध्येच ऊन पडलं की गाडी बाहेर. इंजिन चालू ठेवून गाडी वाळवायची असेल तर ती उघड्यावरच, बंद शेडमध्ये कधीही नाही. त्या धुरानं माणूस दगावतो. सीटखाली वायरींचे जोड असतात. ते भिजले असतील तर चावी फिरवू नका, आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. पिवळे जोड एअरबॅगचे, त्यांना हातच लावू नका.

कागद कार्पेटखाली रात्रभर ठेवून सकाळी कोरडा निघाला, की वाळलं असं समजा. मग खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी ब्रशनं झाडा, वास जातो. अत्तराच्या बाटल्या टांगून वास झाकू नका. पांढरी बुरशी दिसली तर नाकाला फडकं बांधून, पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरनं पुसा, आणि त्यात ब्लीचिंग मुळीच घालू नका. डॅशबोर्डच्या खणामागं पुष्कळ गाड्यांत हवेचा फिल्टर असतो. तो भिजला असेल तर बदला. आम्हाला एवढाच खर्च आला, साडेतीनशे रुपये.

शुक्रवारी सकाळी आबा डाव्या सीटवर बसले, चपला काढून पाय टेकले आणि म्हणाले, “कोरडं हाय.” त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. येताना पाऊस होता, पण आत थेंब आला नाही. दिरांनी गॅरेजला फोन करून येत नसल्याचं कळवलं.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पापड, कुरडया, सांडगे वाळवायला गच्चीवर जातात. तोच आठवडा गाडीसाठीही ठरवून टाका. बॉनेट उघडून जाळीखालचा पाला काढा, दोन तांबे पाणी ओतून धार पाहा, दारांच्या तळाची भोकं मोकळी करा, बीडिंगवरून ओलं फडकं फिरवा. सगळं मिळून अर्धा तास लागतो. गाडी झाडाखाली उभी राहत असेल, तर पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी. सावली सोडायची गरज नाही, आमच्या उन्हात ती हवीच. पाला तेवढा काढत राहायचा.